दहापैकी दहा

सुमन बहनजींच्या तिसरीच्या वर्गात बुधवार हा सगळ्यांत नावडता वार होता. त्या दिवशी काही वेगळं घडे म्हणून नव्हे, तर त्याचं स्पेलिंग लिहावं लागे म्हणून. "बोलो वेन्सडे, लिखो वेड-नेस-डे," असं बहनजी टेबलावर पट्टी आपटत सांगायच्या आणि चाळीस पोरं एका सुरात "वेड-नेस-डे, वेड-नेस-डे" असं कोकलायची. लिहायचा एक आणि म्हणायचा दुसरा, असल्या वारावर विश्वास ठेवायचा तरी कसा, असा प्रश्न आठ वर्षांच्या जयंती सोमणला पडत असे. पण प्रश्न विचारायची सोय त्या वर्गात नव्हती.

बहनजींचा एक नेम होता. रोज सकाळी प्रार्थना झाली की एका मुलानं फळ्याशी जायचं आणि इंग्रजीत तीन ओळी लिहायच्या. काल कोणता वार होता, आज कोणता आहे, उद्या कोणता असेल. यस्टरडे, टुडे, टुमॉरो. एक अक्षर चुकलं की तीच ओळ वहीत वीस वेळा. पुठ्ठ्याचं एक घड्याळही होतं, त्याचे काटे बहनजी बोटानं फिरवायच्या आणि हाफ पास्ट, क्वार्टर टू विचारायच्या. इतर पोरांना हा सगळा छळवाद वाटे. जयंती मात्र जीव ओतून शिकत होती, कारण तिला दिवस मोजायचे होते.

तिची आई सहा महिने घरात नव्हती.

उमाकांत सोमण विमा कंपनीत अधिकारी होते. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून त्यांची बदली जयपूरला झाली आणि आदर्श नगरात दोन खोल्यांचं बिऱ्हाड झालं. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहणारी पंजाबी चाची होती, फाळणीत सगळं सोडून आलेली, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात शालिनीला, म्हणजे जयंतीच्या आईला, खोकला लागला तो हटेना. उन्हाळ्याच्या तोंडाला धुळीच्या आंध्या सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरांनी छातीचं दुखणं म्हणून सांगितलं. वाईहून तिचे वडील आप्पासाहेब आले आणि लेकीला घेऊन गेले. पाचगणीचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर, हवा चांगली, आणि असल्या दुखण्यात लहान मूल जवळ नको. जयंती जयपुरातच राहिली.

आप्पासाहेब मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. अक्षर मोत्यासारखं, पण इंग्रजीचा गंध नाही आणि त्याची खंतही नाही. इंग्रजी तारीख लिहायची म्हणजे त्यांना विटाळ झाल्यासारखं वाटे. त्यांची कार्डं तिथीवर चालत. आषाढ शुद्ध अमुक, श्रावण वद्य तमुक. उमाकांतांना तिथी कळत नसत असं नाही, पण सणवार बघायचं खातं शालिनीचं. ती गेल्यापासून घरात एकादशी आली काय आणि गेली काय, दोघांनाही पत्ता नसे.

भाद्रपद संपता संपता आप्पासाहेबांचं कार्ड आलं. "चि. शालिनीची प्रकृती समाधानकारक. डॉक्टरांची परवानगी मिळाली. दिवस चांगला पाहिला आहे. कार्तिक वद्य पंचमीस तिला घेऊन जयपुरास पोहोचतो. चि. जयंतीस अनेक आशीर्वाद."

जयंतीनं ते कार्ड चार वेळा वाचलं. मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून जमिनीवर पसरलं. जौहरी बाजारातल्या एका मिठाईवाल्याचं कॅलेंडर होतं ते, वर लक्ष्मीचं चित्र आणि खाली तारखेशेजारी बारीक टायपात तिथी.

"बाबा, वद्य मतलब काय?"

"काळोखी बाजू गं. हे लोक कृष्ण म्हणतात, तेच ते," दाढी करता करता उमाकांत म्हणाले.

"मग हे बघा, कार्तिक कृष्ण पंचमी. एकवीस ऑक्टोबर. वेन्सडे!"

उमाकांतांनी तोंडाला साबण तसाच ठेवून वाकून पाहिलं. छापलं होतं खरं. दिवाळी एकतीसला, म्हणजे ती दिवाळीच्या दहा दिवस आधी येणार. त्यांचा चेहरा उजळला. दिवाळीचा पाडवा म्हणजे कार्तिकाचा पहिला दिवस, हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मग कार्तिकातली वद्य पंचमी दिवाळीच्या आधी कशी येईल? हा साधा प्रश्न त्या घटकेला त्यांना पडायला हवा होता. पण बायको दिवाळीला घरात असणार म्हटल्यावर कोणता नवरा उलटतपासणी घेत बसेल? "बरोबर आहे," ते म्हणाले आणि दाढी पुरी करायला गेले.

त्या दिवसापासून जयंती कॅलेंडरवर रोज एक फुली मारू लागली. वर्गात "आफ्टर" हा शब्द शिकवला तेव्हा तिनं वाक्य केलं, माय मदर विल कम आफ्टर नाइन डेज. बहनजींनी सगळ्या वर्गाला ते वाक्य मोठ्यानं म्हणायला लावलं. चाळीस पोरं जयंतीची आई नऊ दिवसांनी येणार म्हणून ओरडत होती, आणि जयंतीला लाजही वाटत होती आणि अभिमानही.

बुधवार उजाडला. तिनं आईनं शिवलेला गुलाबी फ्रॉक घातला. तो आखूड झाला होता, आणि आई आल्यावर त्याला खालून पट्टी लावणार हेही तिनं ठरवून टाकलं होतं. चाचीनं खीर करून ठेवली. उमाकांतांनी रजा टाकली. अहमदाबादेकडून येणारी गाडी दुपारी आली. बापलेक फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. बायकांचा डबा रिकामा झाला, मग झाडूवाला आत चढला, तरी जयंती खिडकीतून आत बघतच होती.

"गाडी चुकली असेल त्यांची. उद्या येतील," उमाकांत म्हणाले.

ते टांग्यातून घरी आले. संध्याकाळच्या गाडीलाही ते जाऊन आले. चाचीनं खीर वाढली ती जयंतीनं बाजूला सारली. तिला आईचा राग आला होता, आणि तो साधासुधा नव्हता. सहा महिने शहाण्यासारखं वागलेल्या मुलाला राग आला की त्यात सहा महिन्यांचं व्याज असतं. आपण न रडता राहिलो, वेणी स्वतः घालायला शिकलो, जेवण झालं की ताट स्वतः उचललं, आणि आई आली नाही. वर्गातल्या चाळीस पोरांनी आता विचारलं तर काय सांगायचं?

त्यांनी विचारलंच. गुरुवारी सकाळी, फळ्यावरच्या तीन ओळी व्हायच्या आत.

त्याच दिवशी बहनजींनी पत्र लिहायला सांगितलं. महिनाभरात शिकलेले काळाचे शब्द वापरून परगावच्या माणसाला इंग्रजीत पत्र. आदल्याच आठवड्यात ऑल्वेज, समटाइम्स आणि नेव्हर झाले होते, तेही यायला हवेत. जयंतीनं कोऱ्या कागदावर पेन्सिलनं रेघा मारल्या आणि सुंदर अक्षरात लिहिलं:

"डिअर मदर, यस्टरडे वॉज वेन्सडे. यस्टरडे यू डिड नॉट कम. टुडे इज थर्सडे. टुडे आय डू नॉट वेट. टुमॉरो विल बी फ्रायडे. टुमॉरो डू नॉट कम. नेव्हर कम. जयंती."

काल तू आली नाहीस. आज मी वाट बघत नाही. उद्या येऊ नकोस. कधीच येऊ नकोस.

बहनजींना चाळीस कागद तपासायचे होते. त्या स्पेलिंग बघत होत्या. यस्टरडे बरोबर, वेन्सडेतला न ऐकू येणारा डी जागच्या जागी, नेव्हरही आलेलं. त्यांनी लाल शाईनं दहापैकी दहा दिले, खाली व्हेरी गुड लिहिलं आणि पुढचा कागद ओढला. एका आठ वर्षांच्या मुलीनं आईला कायमचं बजावलं होतं, आणि त्याला पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

दुसऱ्या दिवशी उमाकांत ऑफिसला निघता निघता जयंतीनं घडी घातलेला कागद पुढे केला.

"आईला पाठवायचंय. शाळेचं आहे."

"अरे वा, इंग्रजीत? किती मार्क?"

"दहापैकी दहा."

त्यांनी तो तसाच पाकिटात घातला, पत्ता लिहिला, वाटेत पेटीत टाकला. उघडून वाचायचं त्यांच्या मनातही आलं नाही. वेळ झाली होती, आणि त्या दोन दिवसांत वाईला केलेल्या तारेचं उत्तर न आल्याचा घोर त्यांना लागला होता. उत्तर दोन दिवसांनी आलं. प्रकृती ठीक, पत्र पाठवतो, एवढंच.

दिवाळी आली तशी गेली. चाचीनं पणत्या लावल्या, म्हणून दारात उजेड तरी दिसला. पाडव्यानंतर चार-पाच दिवसांनी आप्पासाहेबांचं कार्ड आलं. उमाकांतांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"उमाकांतराव, आपल्या तारेचा उलगडा झाला नाही. कार्तिक वद्य पंचमीस अजून तीन आठवडे आहेत. आपण उत्तरेकडील पंचांग तर पाहिले नाही ना? तिकडे महिना पौर्णिमेस संपतो, आपला अमावास्येस. त्यामुळे त्यांच्या कार्तिकाची काळोखी बाजू आपल्याआधी एक महिना येते. ठरल्याप्रमाणे निघत आहोत. चि. जयंतीचे इंग्रजी पत्र पावले. शालिनी ते सर्वांस दाखवीत असते."

उमाकांतांनी कपाळावर हात मारला आणि जयंतीला कॅलेंडरवर बोट ठेवून सगळं समजावून सांगितलं. आई चुकली नव्हती. आप्पा चुकले नव्हते. आपणच मिठाईवाल्याच्या कॅलेंडरावर भरवसा ठेवून एक महिना आधी स्टेशनवर जाऊन बसलो. आई येणार, वीस नोव्हेंबरला, शुक्रवारी.

त्यांना वाटलं, पोरगी उड्या मारील. ती पांढरीफटक पडली.

"बाबा, टाकलेलं पत्र परत मिळतं?"

"पोचलं की ते. आप्पांनी लिहिलंय ना."

"मग मला दुसरं लिहायचंय. आत्ताच. आधीच्यात चुका आहेत."

"दहापैकी दहा मिळाले होते ना?"

"तरी चुका आहेत," जयंती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. उमाकांतांना वाटलं, आई यायची आहे म्हणून भरून आलं असेल.

हे पत्र तिला एकटीला जमेना, तेव्हा तिनं मराठीत सांगितलं आणि बाबांनी इंग्रजी शब्द पुरवले. काल मी तुझी वाट पाहत होते. आज पाहते आहे. उद्याही पाहीन. तू ये, आणि आली की नेहमी इथेच राहा. ऑल्वेज लिहिताना तिनं पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला, म्हणून सगळं पुन्हा लिहिलं. पाकीट टाकायला ती स्वतः बाबांबरोबर पेटीपर्यंत गेली. वाईला पोचायला सहा दिवस. तिनं मोजले. बारा तारीख, थर्सडे.

अकरा तारखेला, कार्तिकी एकादशीला, सकाळी शालिनीला रक्ताची गुळणी आली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तार आली तेव्हा जयंती शाळेत होती. ती परत आली तोवर बाबा गेलेले होते. चाचीनं तिला मांडीवर घेतलं, असं ती कधी करत नसे. "माँ की तबियत थोड़ी खराब है, पुत्तर. पापा लेने गए हैं," ती म्हणाली. मरणाच्या घरी, दोन दिवसांच्या प्रवासाला, मुलीला नेऊ नये असं मोठ्यांनी ठरवलं होतं. कसं सांगायचं हे मात्र कुणालाच ठरवता आलं नव्हतं, म्हणून ते कुणी सांगितलंच नाही.

वीस नोव्हेंबरला, खऱ्या पंचमीला, जयंती पुन्हा गुलाबी फ्रॉक घालून फाटकाशी उभी राहिली. बाबा आईला आणायला गेले आहेत, आज शुक्रवार आहे, आणि या वेळी पंचांग चुकलेलं नाही. चाची दोनदा खाली आली, पदर तोंडाला लावून परत वर गेली. दिवेलागणीला तिनं पोरीला उचलूनच आत नेलं.

आठ दिवसांनी टांगा थांबला. आधी उमाकांत उतरले. त्यांची मिशी नव्हती. जन्मल्यापासून जयंतीनं बाबांना मिशीशिवाय पाहिलं नव्हतं, आणि हा कोण माणूस आपल्या घरी आला असं तिला क्षणभर वाटलं. त्यांच्यामागून आप्पा उतरले. मग टांगेवाल्यानं आईची हिरवी ट्रंक उतरवली. जयंतीनं टांग्यात वाकून पाहिलं. टांगा रिकामा होता.

दुपारी आप्पांनी ट्रंक उघडली. नऊवारी पाच, शाल, हळदीकुंकवाचा करंडा. सगळ्यात वर उशीच्या अभ्र्यात बांधलेली दोन पाकिटं.

"हे तुझं दुसरं," आप्पा म्हणाले. "ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. तिच्या नावचं, म्हणून आम्ही उघडलं नाही. आणि हे पहिलं." त्यांनी पहिला कागद उलगडला. घड्यांवर तो विरला होता, लाल शाईला कडेनं बोटं लागून डाग पडले होते. "हा कागद तिनं उशीखालून हलवू दिला नाही बघ. डॉक्टर आले की त्यांना लांबूनच लाल दहा दाखवायची. 'माझ्या जयूला पैकीच्या पैकी.' तिला ना मला इंग्रजी, गावात जाणणारे आहेत, मी म्हटलं वाचून घेऊ, तर नाही म्हणाली. 'जयूनं लिहिलंय, जयपूरला गेल्यावर तीच मला वाचून दाखवील. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको.'" आप्पांनी चष्मा काढून पुसला. "तिचं तर राहिलं. मला तरी वाच."

जयंतीनं बाबांकडे पाहिलं. पळून जावं असं तिला वाटलं, पण आप्पांनी हात पुढे केला होता आणि हेडमास्तरांनी पुढे केलेला कागद कुणी नाही म्हणत नाही. ती उभी राहिली. वर्गात वाचतात तसं, हात सरळ धरून, एकेक शब्द सुटा करून तिनं वाचलं. डिअर मदर. यस्टरडे वॉज वेन्सडे. यस्टरडे यू डिड नॉट कम. तिचा आवाज कुठेच अडला नाही. नेव्हर कम, जयंती.

आप्पा डोळे मिटून ऐकत होते. "छान. अगदी स्वच्छ," ते म्हणाले. "आता अर्थ सांग."

जयंतीनं कागदाची घडी घातली. उमाकांत दाराच्या चौकटीला धरून उभे होते. ते पत्र त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं होतं. कोणत्या गुरुवारी ते लिहिलं, कशावरून लिहिलं, आणि त्या दिवशी स्टेशनवर मुलीला कुणी नेलं होतं, हे सगळं त्यांना एकदम कळलं.

"मी सांगतो," ते म्हणाले. "काल मी तुझी वाट पाहत होते. आज पाहते आहे. उद्याही पाहीन. तू ये, आणि आली की नेहमी इथेच राहा."

"एवढ्याशा ओळींत एवढं?" आप्पा म्हणाले. "आटोपशीर भाषा दिसते." मग त्यांनी मान हलवली. "शालू तेच म्हणायची. म्हणायची, अर्थ कशाला हवा आप्पा, ये म्हणत असेल, दुसरं काय लिहील पोरगी."

ते हातपाय धुवायला मागच्या अंगणात गेले. नळाचा आवाज येऊ लागला. जयंती कागद हातात धरून तशीच उभी होती. न उघडलेलं पाकीट ट्रंकेवर पडलं होतं.

"बाबा, तुम्ही खोटं सांगितलं."

"हो."

"मीपण खोटंच लिहिलं होतं," जयंती म्हणाली. "मी वाट बघत होते."